वाचलेले दहा बाट

अंजनवेलला एका घरात दोन भाऊ राहत होते. वडील लवकर गेले होते. थोरला लोट्याच्या कारखान्यात कामाला होता. धाकटा गावातच मिळेल ते काम करायचा. कधी आंब्याच्या कलमांना आळी करायची असायची, कधी कुणाच्या होडीची डागडुजी. आई धोपाव्याच्या जेट्टीजवळ बसायची. दाभोळहून फेरीबोट आली की बोटीतून गाड्या उतरायच्या, आणि गाड्यांतली माणसं तिच्या पुढ्यातली आमसुलं, आंबापोळी आणि कोकम सरबताच्या बाटल्या बघायला थांबायची. त्यावर तिने दोन्ही मुलं वाढवली होती.

लहानपणी दोघं भाऊ गोपाळगडाच्या तटाशी जाऊन बसायचे. खाली वाशिष्ठी समुद्राला मिळत असायची आणि पलीकडे दाभोळ दिसायचं. दूरवरून जाणारं एखादं जहाज दिसलं की धाकटा विचारायचा, "दादा, हे कुठे जातं?"

"लांब," थोरला म्हणायचा.

एवढं उत्तर त्यांना बरीच वर्षं पुरलं. मोठे झाल्यावर ते पुरेना. आपणही एकदा लांब जाऊन यायचं, असं दोघांनी ठरवलं आणि पत्र्याच्या एका डब्यात पैसे टाकायला सुरुवात केली. थोरल्याने कँटीनचा चहा सोडला. धाकटा काच तडकलेला मोबाइलच वापरत राहिला. दोन पावसाळे गेले. मग एका रात्री त्यांनी डबा जमिनीवर पालथा केला आणि पैसे मोजले. मुंबईहून बँकॉकला जायची-यायची सगळ्यांत स्वस्त तिकिटं त्यात बसत होती. वर पाच दिवस बेताने खाता येईल आणि कुठेतरी पाठ टेकता येईल, एवढेच पैसे उरत होते. दोघांनी तिकिटं काढली.

निघायच्या आदल्या दिवशी ते शाळेतल्या जुन्या गुरुजींच्या पाया पडायला गेले. गुरुजींनी त्यांना पडवीत बसवलं आणि समोरच्या खाडीकडे बोट केलं.

"फार वर्षांपूर्वी एक परदेशी माणूस त्या दाभोळ बंदरातून आपल्या घरी जायला निघाला होता," ते म्हणाले. "अफनासी निकितिन त्याचं नाव. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. पंधराव्या शतकातली गोष्ट. वाटेत व्होल्गा नदीवर त्याला लुटलं होतं. तरी तो पुढे निघाला, एक घोडा घेऊन चौलला उतरला, जुन्नर पाहिलं, बिदर पाहिलं. मन घराकडे ओढायला लागलं तेव्हा दाभोळला आला. होर्मुझपर्यंत नेण्याचे दोन सोन्याचे तुकडे त्याने कबूल केले आणि गलबतात चढला. हे आपल्याला कसं कळलं?"

"कसं?" धाकट्याने विचारलं.

"त्याने लिहून ठेवलं म्हणून. काय पाहिलं ते लिहिलं, कुठे काय महाग, काय स्वस्त ते लिहिलं, आणि नाखव्याला काय द्यायचं ठरलं तेही लिहिलं." गुरुजी आत गेले आणि एक कोरी वही घेऊन आले. "तुम्हीही लिहा. माणूस परक्या गावात कसा वागला, ते त्याच्या हिशेबाच्या वहीत दिसतं."

वही धाकट्याने घेतली. थोरल्याला मात्र दुसऱ्याच कुणाचं बोलणं जास्त पटलं होतं. कारखान्यातला एक जण बँकॉकला जाऊन आला होता. त्याने बजावलं होतं, "तिकडे सांगतील त्याच्या निम्म्याने मागायचं. नाहीतर फसलास म्हणून समज." थोरल्याने हे वाक्य मनात पक्कं केलं.

विमान रात्रीचं होतं. पहाटे ते सुवर्णभूमी विमानतळावर उतरले. त्यांनी घड्याळं दीड तासाने पुढे केली, पाठीवरच्या पिशव्या सारख्या केल्या आणि ते बाहेर पडले.

टॅक्सीवाले उभे होते. थोरल्याने मान हलवली आणि तो भावाला घेऊन जिने उतरत खाली आगगाडीकडे गेला. गाडीने त्यांना थोडक्या पैशात शहरात आणून सोडलं. तिथून चालत ते सेन सेप नावाच्या कालव्यावर आले. एका लांबट बोटीत माणसं भराभर चढत होती, कामावर जाणारी, शाळेत जाणारी. बोट धक्क्याला लागते न लागते तोच लोक उड्या मारून आत शिरत होते. खाडीकाठी वाढलेल्या या दोघांना त्याचं काही वाटलं नाही. तिकीट देणारी बाई डोक्याला हेल्मेट घालून बोटीच्या अगदी कडेवरून चालत होती, एका हाताने दोर धरून. पूल आला की ती खाली वाकायची. पाणी उडायला लागलं की प्रवासी बाजूचा प्लॅस्टिकचा पडदा दोरीने वर ओढून घ्यायचे. धाकट्याचे डोळे तिच्या पायांवरच खिळले होते.

"आईने बघायला पाहिजे होतं," तो म्हणाला.

बोट जिथे संपत होती तिथून ते पुन्हा चालले. खाओ सान रस्त्याच्या मागच्या गल्लीत त्यांनी एक हॉस्टेल ठरवलं होतं. एका खोलीत आठ जणांची निजायची सोय, वरखाली पलंग. खोली दुपारनंतर मिळणार होती. त्यांनी पिशव्या तिथे ठेवल्या, तोंड धुतलं आणि वही काढली.

वहीत थोरल्याने दोन रकाने पाडले. एकावर लिहिलं ‘खर्च’, दुसऱ्यावर ‘वाचले’. एका बाटला आपले अडीच-पावणेतीन रुपये पडत होते. टॅक्सीला किती लागले असते आणि गाडीला व बोटीला किती लागले, याची वजाबाकी करून त्याने पहिला आकडा ‘वाचले’च्या खाली मांडला. आकडा बघून त्याला फार बरं वाटलं.

मग दिवसभर ते त्या रकान्यासाठी जगले. बाटलीबंद पाणी घ्यायचं सोडून रस्त्यावरच्या यंत्रात नाणं टाकून त्यांनी आपल्या बाटल्या भरून घेतल्या. दुपारी एका गाडीवर दोघांत एक ताट घेतलं. शेजारी बांबूच्या छोट्या टोपल्यांत मासे रचून ठेवले होते. टोपलीत मावावेत म्हणून त्यांच्या माना मोडून आत वळवल्या होत्या. दोघांनी वाकून पाहिलं. ते आपल्या बांगड्याच्याच जातीचे होते. भाताबरोबर तळलेला एक मासा आला, तो त्यांनी काट्यासकट निम्मा निम्मा वाटून घेतला. पोट अर्धंच भरलं, पण वहीत आणखी एक आकडा चढला.

जेवून ते नदीकडे निघाले. नदीकाठी एक पांढराशुभ्र बुरूज होता, फ्रा सुमेन नावाचा. १७८३ मध्ये, हे शहर राजधानी झालं त्या वेळी तो बांधलेला. गोपाळगड तेव्हा पेशव्यांकडे होता. धाकटा बुरुजाभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "आपला गड याच्याहून कितीतरी मोठा आहे, दादा." थोरला हसला.

बुरुजाजवळच्या पदपथावर एक म्हातारी छत्रीखाली बसली होती. तिच्या पुढ्यात फळांच्या फोडी होत्या, लहान लहान पिशव्यांत भरलेल्या. त्यात कैरी होती. हिरवीगार, करकरीत, वर तिखटमिठाची पुडी. कार्तिक महिन्यात कैरी बघून दोघा भावांचे पाय आपोआप थांबले.

थोरल्याने पिशवीकडे बोट केलं. म्हातारीने कॅल्क्युलेटर पुढे केला. त्यावर ३० होते.

थोरल्याला ते वाक्य आठवलं. त्याने कॅल्क्युलेटर हातात घेतला, आकडा पुसला आणि १५ केले. म्हातारीने मान हलवली आणि पुन्हा ३० केले. थोरला वळून दोन पावलं चालला. आई सांगायची, गिऱ्हाइकं अशीच दोन पावलं चालतात. म्हातारीने हाक मारली. कॅल्क्युलेटरवर २० होते. थोरल्याने वीस बाटची नोट दिली. म्हातारीने पिशवी दिली, तिखटमिठाची आणखी एक पुडी वर ठेवली आणि हात जोडले.

"दहा वाचले," थोरला म्हणाला आणि नदीच्या कठड्याकडे गेला.

धाकटा मागे रेंगाळला होता. तेवढ्यात नारिंगी जाकिटातला एक मोटारसायकलवाला आला, भाड्याने माणसं नेणारा. त्याने तसलीच एक पिशवी उचलली, तीस बाट म्हातारीच्या डब्यात टाकले आणि काहीही न विचारता निघून गेला. त्याच्यामागून शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आली. तिनेही तीसच टाकले.

धाकट्याने ते पाहिलं. तो बोलला नाही.

दुपार त्यांनी नदीवर घालवली. लोकांच्या बोटीने ते था तिएनच्या धक्क्यापर्यंत गेले. बोटीतला तिकीटवाला पत्र्याची एक लांब नळी खुळखुळवत फिरत होता, तिच्यातच नाणी आणि तिच्यातच तिकिटं. धक्क्यावरून पलीकडे जायला पाच बाटची तर होती. वाशिष्ठीवर जशी माणसं बोलत बोलत पलीकडे जातात, तशीच इथेही जात होती. पलीकडे अरुणाच्या नावाचं उंच देऊळ होतं. त्याच्या अंगावर चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे जडवून फुलं केली होती, आणि कलत्या उन्हात ती चमकत होती. आत जायला तिकीट होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग काठावर उभं राहून त्यांनी ते डोळे भरून बाहेरूनच पाहिलं आणि परत नदी ओलांडली.

येताना बोटीचे पैसेही वाचवायचे म्हणून ते चालत निघाले. राजवाड्याच्या पांढऱ्या भिंतीच्या कडेने ते चालले, मैदानाच्या कडेने चालले. रात्रभर झोप नव्हती. धाकट्याच्या टाचेला फोड आला होता. दिवे लागायच्या सुमाराला ते पुन्हा त्या पांढऱ्या बुरुजाशी पोचले आणि नदीकाठच्या बागेत पायऱ्यांवर बसले. बागेत बायका गाण्याच्या तालावर व्यायाम करत होत्या. नदीवरच्या पुलावर दिवे लागले होते.

"काढ वही," थोरला म्हणाला. "मी सांगतो, तू लिही."

त्याने एकेक आठवून सांगितलं. पाणी. जेवण. देवळाचं तिकीट. येतानाची बोट. धाकटा लिहीत गेला. शेवटी थोरला म्हणाला, "आणि कैरीचे दहा."

धाकट्याने पेन उचललं, पण लिहिलं नाही. थोड्या वेळाने त्याने पानाच्या कडेला आणखी एक उभी रेघ मारली. तिसरा रकाना झाला. त्यावर त्याने लिहिलं ‘घेतले’, आणि त्याखाली दहा मांडले.

थोरल्याने वाकून पाहिलं. "हे काय? वाचलेत ते."

"बाकीचे वाचले, दादा," धाकटा म्हणाला. "आपण कमी जेवलो म्हणून वाचले. चाललो म्हणून वाचले. हे दहा वाचवायला आपण काय केलं?"

"घासाघीस केली. तिने जास्त सांगितले होते."

"नव्हते सांगितले. आपल्यामागून दोन गिऱ्हाइकं आली, इथलीच. दोघांनी तीसच दिले."

थोरला गप्प झाला. धाकटा पुढे बोलला. त्याचा आवाज साधाच होता.

"तू चिपळूणला आयटीआयला होतास तेव्हा सुट्टीत मी आईबरोबर जेट्टीवर बसायचो. मोठ्या मोठ्या गाड्या यायच्या. कुणी आमसुलांचे वीस पाडायचं, कुणी सरबताचे दहा. आई हसून द्यायची. पण ज्या दिवशी भाव पडायचा त्या दिवशी आम्ही रिक्षाने घरी यायचो नाही. धोपाव्यापासून चालत यायचो. मला वाटायचं, आईला चालायला आवडतं. एकदा पाय दुखले म्हणून मी रडलो, तेव्हा ती म्हणाली, आज रिक्षाचे पैसे गिऱ्हाइकाने नेले रे."

बागेतलं गाणं थांबलं होतं आणि बायका पाणी पीत होत्या.

"आज आपण चाललो त्याचे पैसे आपल्याला मिळाले," धाकटा म्हणाला. "आई चालायची त्याचे पैसे दुसऱ्याला मिळायचे. एवढाच फरक आहे. म्हणून मी रकाना वेगळा केला."

थोरल्याला ही गोष्ट ठाऊक नव्हती. त्याने वही हातात घेतली आणि तिसऱ्या रकान्यातला तो एकच आकडा बराच वेळ पाहिला. मग तो उठला आणि भराभर पदपथाकडे चालू लागला. धाकटा लंगडत मागे गेला.

म्हातारी छत्री मिटत होती. फळं जवळजवळ संपली होती. थोरल्याने खिशातून दहा बाटचं नाणं काढलं आणि तिच्यापुढे धरलं. तिला काही कळलं नाही. त्याने बोटाने दाखवलं, दुपारी, मी, कैरी. तिने नुसतीच मान हलवली. मग नाण्याकडे पाहून ती वाकली, उरलेल्या पेरूच्या फोडींपैकी दहा बाटच्या होतील तेवढ्या मोजून पिशवीत भरल्या आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

थोरल्याने दोन्ही हात हलवून नको म्हटलं. म्हातारीने नाणं त्याच्याकडे परत सरकवलं. विकल्याशिवाय पैसे घ्यायची तिची तयारी नव्हती. शेवटी थोरल्याने पिशवी घेतली आणि हात जोडले. म्हातारीनेही हात जोडले, छत्री खांद्यावर टाकली आणि ती निघून गेली.

दोघं भाऊ पुन्हा पायऱ्यांवर आले. त्यांनी पेरू खाल्ले.

"गेले ते दहा परत देता येत नाहीत तर," थोरला म्हणाला.

"नाहीच येत," धाकटा म्हणाला. "पुढचे मात्र सरळ देता येतात."

पुढचे चार दिवस ते तसेच राहिले. चालले खूप, एका ताटात जेवले, बाटल्या यंत्रावर भरल्या. कपड्यांच्या मोठ्या बाजारात सगळेच भाव करत होते, तिथे थोरल्यानेही केला. पण रस्त्याकडेला कुणी चार वस्तू मांडून बसलेलं दिसलं की तो आधी बाजूला उभा राहायचा. गावची माणसं काय देतात ते बघायचा आणि तेवढे मोजून द्यायचा. वहीच्या तिसऱ्या रकान्यात दुसरा आकडा आला नाही.

परत निघताना सुवर्णभूमी विमानतळावर त्यांना एक भलंमोठं शिल्प दिसलं. देव आणि दानव वासुकीला दोन्ही बाजूंनी ओढत होते आणि वर विष्णू उभा होता. परक्या देशात समुद्रमंथनाचं दर्शन झालं, याचं दोघांना नवल वाटलं. गावी परतल्यावर थोरल्याने वही गुरुजींना नेऊन दाखवली. गुरुजींनी सगळी पानं वाचली. तिसऱ्या रकान्याशी ते थांबले आणि त्यांनी नुसतं थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने काय घडलं ते सगळं सांगितलं. पगार झाल्यावर तो धोपाव्याच्या रिक्षावाल्याकडे गेला आणि आईच्या जाण्यायेण्याचे महिन्याचे पैसे त्याने आधीच देऊन ठेवले. मग गिऱ्हाइकाने भाव पाडला तरी आई संध्याकाळी रिक्षातूनच घरी यायला लागली.

थोडक्या पैशात जग बघायला निघणं ही चांगली गोष्ट आहे. त्यासाठी चहा सोडावा, एका ताटात दोघांनी जेवावं, पाय दुखेपर्यंत चालावं. काटकसर म्हणजे आपल्या पोटाला काढलेला चिमटा. तोच चिमटा दुसऱ्याच्या पोटाला बसला की त्याला काटकसर म्हणता येत नाही, मग वाचलेली रक्कम दहाची का असेना. परक्या गावात हे पटकन ध्यानात येत नाही. तिथे समोरच्याचं घर आपल्याला दिसत नाही, आणि संध्याकाळी तो घरी कसा जातो तेही दिसत नाही. म्हणून हातात पैसे उरले की आनंद करण्याआधी एवढं विचारावं, हे पैसे माझ्या चालण्यातून उरले, की दुसऱ्या कुणाला त्यासाठी चालावं लागलं?